निरोपाची रंगीत तालीम

मी वॉटफर्डमध्ये आले त्याला आता इतकी वर्षं झाली, की इथून कुठे जायचा विचारसुद्धा मनात येत नाही. तरीही मला या गावात जितक्या वेळा निरोप दिला गेला, तितक्या वेळा एखाद्या बदलीवाल्या कलेक्टरलाही मिळाला नसेल. गळ्यात हार घालून, सगळ्यांनी उभं राहून, ‘आपली उणीव आम्हांला सदैव भासेल’ असं तोंडावर सांगून. दर वेळी मी हार काढून ठेवला, खुर्च्या भिंतीला लावल्या, हॉलला कुलूप घातलं आणि घरी येऊन कुकर लावला. हा सगळा प्रताप वसंतराव रेगे यांचा.

रेगेकाका सत्तरी ओलांडलेले, सडपातळ, ताठ. नेव्ही ब्लू ब्लेझर, करडी पँट आणि बुटांना असं पॉलिश की त्यात भांग पाडावा. वॉटफर्डच्या एका छापखान्यात सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेले. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी एडिनबराला. प्रत्येक गोष्टीत ‘तिकडे असं नव्हतं’ म्हणायची त्यांना सवय. आमच्या मराठी मंडळात नवीन आलेला माणूस भाबडेपणाने विचारायचा, “तिकडे म्हणजे मालवणला का काका?” त्यावर काका दुखावल्यासारखे बघायचे आणि म्हणायचे, “कंपालाला!” त्यांचं तरुणपण युगांडात गेलेलं.

मंडळाचं कुठलंही पद त्यांच्याकडे नव्हतं, आणि खरी अडचण तीच होती. पद असतं तर आम्ही ते काढून तरी घेतलं असतं. गणपती, दिवाळी, संक्रांत यांत काकांना काडीचा रस नव्हता. आरतीला ते मागे उभे राहून घड्याळ बघायचे. त्यांचं कार्यक्षेत्र एकच, निरोप समारंभ. आणि दोन हजार सालानंतरची ती वर्षं म्हणजे त्यांचा सुकाळ होता. पुण्या-मुंबईची, नागपूरची मुलं सॉफ्टवेअरच्या प्रोजेक्टवर यायची, वर्ष-दीड वर्षाने जायची. कोणी जातंय असा नुसता वास आला, की संध्याकाळी माझा फोन वाजायचा. “सेक्रेटरीबाई, हॉलच्या किल्ल्या आपल्याकडेच ना?”

त्यांच्या निरोपाचा एक ठरलेला शिरस्ता होता. जाणाऱ्या माणसाने आधी दाराबाहेर थांबायचं. आतल्या सगळ्यांनी उभं राहायचं. मग त्याने लाल गालिच्यावरून चालत यायचं. हा गालिचा काकांच्या जिन्यावरचा. ते तो गुंडाळून खांद्यावर टाकून बसने आणायचे आणि ड्रायव्हरशी हुज्जत घालायचे. सगळ्यांत वयस्कर माणसाने हार घालायचा, मग मानपत्राचं वाचन, मग सत्कारमूर्तीचं उत्तर, आणि हे सगळं होईपर्यंत सामोशाला हात लावायचा नाही. पोरं बिचारी सामोशांकडे बघत मानपत्र ऐकायची.

आणि या सगळ्याची आदल्या रविवारी रंगीत तालीम. सत्कारमूर्तीने तालमीला यायचं नसतं, मग त्याच्या जागी कोणीतरी हवं. किल्ल्या माझ्याकडे, त्यामुळे मी हजर. “आपण जरा जाणाऱ्यांच्या जागी उभ्या राहा,” असं काका पहिल्यांदा म्हणाले, तेव्हा मी हसून उभी राहिले. ती चूक मला पुढे कित्येक वर्षं भोवली. चालण्याचा वेग चुकला की, “नाही, नाही, पुन्हा बाहेर जा. आपण बसस्टॉपवर नाही निघालात.” हार घातल्यावर मी मान खाली घातली की, “वर बघा. निरोप घेणारा माणूस वर बघतो.” हॉलची देखभाल करणारा डेरेक नावाचा म्हातारा इंग्रज हे दर वेळी कोपऱ्यातून बघायचा. त्याने एकदा मला गाठून विचारलं, “सगळे एवढं सांगतात, तर तुम्ही एकदाच्या जात का नाही?” त्याला काय सांगणार!

तन्मय नावाच्या पुण्याच्या मुलाचा निरोप मला चांगला आठवतो. नऊ-दहा महिन्यांत हा मुलगा मंडळात दोनदा आला होता, दोन्ही वेळा जेवायला. काकांनी मानपत्रात लिहिलं, ‘आपल्या अल्प परंतु देदीप्यमान कारकिर्दीत’. तन्मय माझ्या कानाशी लागला. “काकू, देदीप्यमान म्हणजे?”

“चमकदार.”

“माझी? पण काकू, मी actually जानेवारीत परत येतोय. Same project, phase two. काकांना सांगितलं का कोणी?”

कोणीच सांगितलं नव्हतं. जानेवारीत तो खरंच परत आला आणि संक्रांतीच्या कार्यक्रमाला तिळगूळ घ्यायला उभा राहिला. काकांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की पोराच्या हातातली वडी हातातच राहिली. “काका, कसे आहात?” तो म्हणाला. काका माझ्याकडे वळून म्हणाले, “यांचा निरोप झालेला आहे. हे इथे कसे?” पुढे वर्षभर काका त्याच्याशी एक शब्द बोलले नाहीत. तन्मयही काका दिसले की कोटांच्या स्टँडमागे जाऊन उभा राहायचा. मी काकांना म्हटलं, “अहो, बिचाऱ्याला नोकरीने परत पाठवलं, त्याचा काय दोष?” तर म्हणाले, “गव्हर्नर परत आला होता का?”

हा गव्हर्नर आमच्या सगळ्यांच्या मानगुटीवर बसलेला होता. त्याची गोष्ट मंडळातल्या लहान मुलांनासुद्धा पाठ. युगांडा स्वतंत्र होणार होता आणि तिथला इंग्रज गव्हर्नर कायमचा मायदेशी निघाला होता. कंपालातल्या एकेका समाजाने त्याला रीतसर निरोप द्यावा असं ठरलं. गुजराती, इस्माइली, शीख, गोवेकर, सगळे मोठमोठे समाज, आणि त्यांच्या शेपटाला आमची मराठी घरं, मोजून मूठभर. त्यांच्या वाट्याला मैदानात एक तंबू आणि तीन मिनिटं आली. त्या तीन मिनिटांसाठी यांनी महिनाभर तालीम केली. तालमीत गव्हर्नर म्हणून खुर्चीत बसायचे तरुण वसंतराव रेगे. हे कळलं तेव्हा माझं दुखणं मूळ कुठलं आहे ते मला कळलं.

हार कोणी घालायचा यावरून महिन्याभरात दोन घरांचं बोलणं बंद झालं होतं. त्यामुळे प्रत्यक्ष दिवशी मराठी समाजाचे अध्यक्ष अगदी जपून बोलायला उभे राहिले. सन्माननीय गव्हर्नरसाहेब, त्यांच्या सन्माननीय पत्नी, न्यायाधीश महाराज, बिशप महाराज, इतर समाजांचे मान्यवर, आपल्या समाजाचे आजी अध्यक्ष म्हणजे मी, माजी अध्यक्ष, उपाध्यक्ष, माजी उपाध्यक्ष. एक नाव राहिलं असतं तरी तिसरं घर फुटलं असतं, म्हणून त्यांनी कोणालाच वगळलं नाही. संबोधनं संपली आणि वेळही संपली. गव्हर्नरच्या शिपायाने मानपत्र हातातून हलकेच काढून घेतलं, गव्हर्नरने रांगेतल्या सगळ्यांशी हात मिळवला आणि तो शेजारच्या तंबूत गेला. मानपत्रात काय होतं ते त्याला कधीच कळलं नाही.

दुसऱ्या कोणी यातून बोध घेतला असता की संबोधनं छाटावीत. काकांनी घेतला तो असा, की तालीम कमी पडली. “घड्याळ लावून तालीम केली नाही, सेक्रेटरीबाई. तिथे चुकलं.” माझ्या नवऱ्याने एकदा वैतागून विचारलं, “पण काका, ज्याने तुमच्यावर राज्य केलं त्याला निरोप द्यायला एवढा आटापिटा कशाला?” काकांनी आश्चर्याने त्याच्याकडे पाहिलं. “तो जात होता ना?” म्हणाले. त्यांच्या दृष्टीने उत्तर पूर्ण झालं होतं.

हे सगळं मी सहन केलं. डोकं खाऊन घेतलं, हार घालून घेतले. पण देशपांड्यांच्या वेळी माझा बांध फुटला.

अमोल आणि स्वाती देशपांडे मूळचे नागपूरचे. तो बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये, ती घरी, आणि पाच वर्षांची इरा नुकतीच शाळेत जायला लागलेली. इरा मला सांगायची, “मावशी, माझा शाळा खूप छान आहे.” इथेच राहायचं या हिशोबाने त्यांनी सगळं मांडलं होतं, आणि मध्येच व्हिसाचे नियम बदलले. अमोलने क्रॉयडनच्या व्हिसा ऑफिसात खेटे घातले, कागदांवर कागद जोडले, पण मुदत वाढवून मिळाली नाही. मी लायब्ररीत काम करते. एक दिवस स्वाती काउंटरवर आली, इराची चित्रांची पुस्तकं ठेवली आणि त्यांच्यावर तिचं कार्ड.

“काकू, हे cancel करा.”

“अगं, हरवलं तर नाही ना? मग असू दे की.”

“नको. आम्ही पुढच्या शनिवारी जातोय. For good.” मग तिला रडू आलं. “घरी सांगितलंय, project संपला. अमोल तर शेजाऱ्यांना टाळायला मागच्या गल्लीतून ये-जा करतो. चोरी केल्यासारखा. प्लीज काकू, मंडळात कुणालाच सांगू नका.”

मी शब्द दिला. तिला दारापर्यंत सोडून परत आले, तर वर्तमानपत्रांच्या टेबलापाशी ब्लेझर उभा. रेगेकाका रोज सकाळी पेपर वाचायला यायचे, हे मी विसरलेच होते.

“शनिवार म्हणजे तालमीला वेळ फार कमी आहे,” ते म्हणाले.

लायब्ररीत भांडायचं तर कुजबुजत भांडावं लागतं, आणि कुजबुजत भांडल्याने राग दुप्पट होतो. मी त्यांना दंडाला धरून मुलांच्या कोपऱ्यात नेलं. तिथे बसायला मुलांच्याच बुटक्या खुर्च्या. काका एका लाल खुर्चीवर बसले, गुडघे हनुवटीला टेकले.

“काका, हे होणार नाही. त्यांना कोणाला कळूही द्यायचं नाहीये. तुमची हौस पुरे झाली.”

“हौस?” काका म्हणाले. “गव्हर्नर गेल्यावर दहाएक वर्षांनी आम्हां सगळ्या हिंदी लोकांवरच हुकूम आला. देश सोडा. तुम्हाला ठाऊकच आहे. सामान घेऊन आम्ही फाटकाबाहेर आलो. शेजारी घरात होते, एवढ्या वर्षांचा शेजार, पण पडदे ओढलेले. घाबरले असतील, मी त्यांना दोष देत नाही. आपली मराठी माणसंही आली नाहीत, कारण जो तो आपलं बांधत होता. आई फाटकाशी थांबली. म्हणाली, थांब रे, कोणीतरी येईल. मी घाई करत होतो आणि ती रस्त्याकडे बघत होती. त्या साहेबासाठी आम्ही महिनाभर तालीम केली होती, सेक्रेटरीबाई. आणि आईला हात हलवायला एक माणूस नाही.”

मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं या माणसाने तो एकच गव्हर्नर आम्हाला ऐकवला होता आणि ही गोष्ट एकदाही सांगितली नव्हती. पण खरं सांगायचं तर त्याच क्षणी माझा संतापही वाढला. म्हणजे आमच्या तन्मयपासून सगळ्यांच्या गळ्यात पडलेले हार यांच्या आईसाठीचे होते!

“काका, ती तुमची आई होती,” मी म्हटलं. “ही स्वाती आहे. हिला पडदे ओढलेलेच हवेत. निदान तिला विचारा तरी!”

“निरोप काय विचारून देतात?”

“देतात! आजपासून देतात!” हे मी इतक्या मोठ्याने म्हणाले, की शेल्फामागून दोन इंग्रज आज्या डोकावल्या.

काका त्याच संध्याकाळी देशपांड्यांकडे निघाले. स्वातीला वाचवायला म्हणून मीही बरोबर गेले. घरात खोक्यांच्या राशी. काका दारातच उभे राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले, “आपणां उभयतांस निरोप देण्याची मंडळाला अनुमती असावी.” स्वातीने माझ्याकडे असं पाहिलं, की मला धरणी दुभंगावी असं झालं.

आतून अमोल आला. दाढी वाढलेली. “काका, please. प्रोजेक्ट संपून जातात ते वेगळे. आम्हाला काढलंय इथून. We’ve been told to leave. त्यात निरोप कसला देताय?”

“मग गव्हर्नरला काय आम्ही राहा म्हणत होतो?” काका म्हणाले.

मी कपाळावर हात मारला. पण काका खऱ्याच आश्चर्याने बोलत होते. “अख्ख्या देशाने त्याला जा म्हणून सांगितलं होतं. तो काय मर्जीने निघाला होता? पण गेला कसा, ते बघायला हवं होतं तुम्ही! टोपीला पिसं, पुढे बँड, प्रत्येकाच्या डोळ्याला डोळा देऊन हात मिळवत. जसं काही कंटाळा आला म्हणून निघालाय. आणि त्याने तर किती घोळ करून ठेवले होते. तुम्ही बापडे टॅक्स भरून निघालात. तुम्ही का मागच्या गल्लीतून जायचं?”

अमोल खिडकीकडे वळला. हसली ती स्वाती. खोक्यावर बसून, तोंडावर ओढणी धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. “पिसं,” ती म्हणाली, “अमोल, तुला पिसं!” मग डोळे पुसून तिने अटी घातल्या. हॉल नाही. भाषण नाही. मानपत्र नाही.

“आणि तालीम नाही,” मी घाईघाईने म्हटलं.

काकांचा चेहरा उतरला. “रांग तरी?” त्यांनी विचारलं.

स्वातीने अमोलकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता. “रांग चालेल,” ती म्हणाली.

शनिवारी सकाळी मी पोचले तेव्हा काका फुटपाथवर एकटेच उभे होते, गालिच्याशिवाय. मराठी माणसं वेळेवर यायची नाहीत म्हणून त्यांनी सगळ्यांना खोटी वेळ दिली होती, आणि तरीही सगळे उशिरा आले. मी घाईत गाडी पार्किंगला मनाई असलेल्या डबल यलो रेघांवर लावली. वेम्बलीहून फडके वहिनी पेढे घेऊन ट्रेनने आल्या. काकांनी दारापासून रस्त्यापर्यंत वयाप्रमाणे रांग लावली. कोणी मोठं आलं की सगळ्यांना पुन्हा सरकवलं. कोणी वय सांगायला कां-कूं केलं तर काका त्याच्या केसांकडे बघून जागा ठरवत होते. तन्मय आला, तेव्हा त्याच्याकडे न बघता म्हणाले, “आपण शेवटी. आपला निरोप झालेला आहे.”

मिनीकॅब आली. दार उघडलं आणि अमोल बॅग ओढत बाहेर आला. डोक्यावर जॅकेटचं हूड, नजर खाली. एवढी माणसं पाहून तो थबकला, आणि मला वाटलं आता हा आत जाऊन दार लावून घेतो. पण रांग दारापासूनच सुरू झाली होती आणि पहिल्याच असलेल्या फडके वहिनींनी हात पुढे केला होता. वयस्कर बाईचा हात तसाच ठेवून कोण आत जाणार? त्याने हात मिळवला. पुढच्याने हात पुढे केला. हात मिळवताना वर बघावंच लागतं. कोणी काही मोठं बोललं नाही. “पोचल्यावर मेल टाक.” “तुझा तो अॅडॅप्टर माझ्याकडेच राहिला रे.” “नागपूरला आलो की सांबारवडी खाऊ घाल, मागच्या वेळी टांग दिलीस.” चौथ्या-पाचव्या माणसापाशी त्याने हूड मागे सारलं. तन्मयपर्यंत पोचला तेव्हा तो अॅडॅप्टरवरून भांडत होता, आणि त्याचे गाल ओले होते, आणि ते त्याने पुसलेही नाहीत. मागून स्वाती प्रत्येकीला मिठी मारत येत होती. इरा तर रांगेतल्या प्रत्येकाने आपल्याशी हात मिळवल्याशिवाय पुढे सरकेना. काका तिच्यासाठी कमरेत वाकले तेव्हा तिने विचारलं, “आजोबा, तुमचा गाडी कुठे आहे? तुम्ही नाही येत?”

“मी इथे थांबतो,” काका म्हणाले. “कोणीतरी थांबायला हवं.”

त्या हिवाळ्यात काका घरात पडले. मुलगी येऊन त्यांना तडकाफडकी एडिनबराला घेऊन गेली आणि तिथेच ते वसंत ऋतू लागायच्या आत गेले. आम्हाला कळलं तेव्हा घर रिकामं होतं. साध्या ऑफिसातल्या पोरांनाही ज्याने सुखाने जाऊ दिलं नाही, तो माणूस आम्हाला न सांगता निघून गेला, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. म्हणून मी काकांना आठवते ती त्या शनिवारीच.

कॅब कोपऱ्यावर वळली. रांग मोडली, माणसं पेढे खात स्टेशनच्या दिशेने निघाली. काका कडेलाच उभे, हात अर्धवट वर. रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला पार्किंगवाला वॉर्डन दिसला आणि मी ओरडले, “काका, चला लवकर, मला दंडाचं तिकीट मिळेल!”

“थांबा जरा.”

“अहो, गेली गाडी! दिसेनाशी झाली.”

“आपल्याला,” ते म्हणाले. “त्यांना अजून दिसत असू आपण.”

“वळल्यावर कसे दिसणार आपण? काहीतरीच काय!”

काकांनी हात खाली केला नाही. वॉर्डन माझ्या गाडीपाशी पोचला, पॅड काढलं. मी मुकाट्याने जाऊन काकांच्या शेजारी उभी राहिले आणि हात हलवायला लागले.